पणतीवर आळ, माळेला माफी

दसरा उलटला की शहरातल्या कितीतरी सोसायट्यांच्या नोटीसबोर्डावर एक कागद लागतो. आगीचा धोका लक्षात घेता रहिवाशांनी जिन्यात व पॅसेजमध्ये पणत्या लावू नयेत, त्याऐवजी विजेच्या माळा वापराव्यात. खाली सेक्रेटरींची सही. हेतूबद्दल शंका नाही, पण सल्ला चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो.

ज्योत दिसते म्हणून ती धोक्याची, असा हा सरळसोट हिशेब. पण पणतीत तेल असतं ते दोन-चार चमचे. ते संपलं की ती आपली आपण विझते. खाण्याचं तेल पेट्रोलसारखं भडकत नाही. उघड्या फरशीवर पणती लवंडली तर बहुधा डाग पुसण्याचं काम तेवढं वाढतं. आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे घरातल्या प्रत्येकाचं लक्ष असतं. पोर जवळ गेलं की आतून आवाज येतो, “ए, फ्रॉक सांभाळ!” अर्थात पणती निर्दोष नव्हे. पडद्याखाली, चपलांच्या रॅकवर किंवा प्लास्टिकच्या फुलांच्या तोरणाखाली ती ठेवली तर अनर्थ ठरलेला. पॉलिएस्टरची ओढणी पेटली तर ती वितळून कातडीला चिकटते. म्हणून जागा बघून ठेवा म्हणावं. परातीत पाणी घालून त्यात पणत्या मांडणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता नोटिशीने ज्याला अभय दिलं त्या माळेकडे या. रस्त्यावरून घेतलेली, केसासारख्या तारेची. गॅलरीच्या ग्रिलला गुंडाळून ती सरकत्या खिडकीच्या फटीतून आत घेतलेली असते, आणि रात्री डास नकोत म्हणून तीच खिडकी तिच्यावर दाबून लावलेली. आत एकच मल्टिप्लग. त्यात कंदील, माळ, देवघरातले दिवे, मोबाइलचा चार्जर, आणि पाडव्याच्या सकाळी कुर्ता कडक हवा म्हणून इस्त्रीही. माळेची पिन तुटली असेल तर वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसून वर काड्यापेटीच्या काड्या ठोकलेल्या! हे सगळं संध्याकाळी सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवेपर्यंत. काही घरांत भाऊबीजेला कुलूप लावून मंडळी गावी जातात आणि माळ गॅलरीत लुकलुकतच राहते.

“पण एमसीबी आहे की!” हे उत्तर हमखास येतं. एमसीबी बसवतात ती भिंतीतल्या वायरिंगच्या रक्षणासाठी. माळेच्या बारीक तारेत दोन-तीन अँपिअर वाहिले तरी ती तापून आवरण वितळू शकतं, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो ओव्हरलोडच नसतो. हजार वॅटच्या इस्त्रीसोबत दीड हजार वॅटची किटली त्याच 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवली, तर भार होतो अकरा अँपिअरच्या आसपास. सॉकेट काळवंडतं, जळका वास येतो, आणि आपण खोलीत उदबत्ती लावतो.

पॅसेजचंही तेच. पणती हलवली, जुना सोफा, सायकली, पुठ्ठ्याची खोकी मात्र जागच्या जागी. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली. तळमजल्यावर साठवलेल्या चिंध्या आणि उभ्या गाड्या पेटल्या, धूर वर चढला, किमान सात जणांचे जीव गेले. तिथे सण नव्हता, पणतीही नव्हती. जिना हे धुराचं धुराडं होतं, म्हणून तो मोकळा हवा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. नोटीसबोर्डावर लावायचाच असेल तर तो कागद लावा.

दुसरी बाजूही मला मान्य नाही. “आमच्या आजीच्या काळी रोज दिवे लागायचे, काही झालं का?” झालं असेलही, शिवाय आजीच्या घरात पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग नव्हतं. पण त्या परंपरेतली एक गोष्ट हे लोक सोयीने विसरतात. नवरात्रात घट बसला, अखंड दिवा लागला की घराला कुलूप घालत नाहीत, कुणीतरी मागे राहतं. श्रद्धा म्हणा, व्यवहार म्हणा. पेटतं काही ठेवून घर सोडायचं नाही, हा त्यातला नियम. तो माळेलाही लावायला काय हरकत आहे?

फटाक्यांवर दरवर्षी पुरेशी भांडणं होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहाची वेळ घालून दिली, तरी भरकटलेलं रॉकेट घड्याळ बघत नाही. त्या चार दिवसांत गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आणि रद्दी आत घ्या, खिडक्या लावा. चकलीच्या कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतू नका. गॅस बंद करून सपाट झाकण ठेवा आणि कढई जागची हलवू नका.

“घराघरांत जाऊन मल्टिप्लग कोण बघत बसणार?” असं कमिटी विचारेल. कंदील स्पर्धेचे परीक्षक गुण द्यायला दारोदार फिरतातच. कंदिलाची वायर खाली कुठे जाते, तेवढं त्यांनी वाकून बघावं, आणि काड्या दिसल्या तर पाच गुण कापावेत.