यकृत आणि ‘निरुपद्रवी’ झाडपाला

यकृताच्या आजारावर झाडपाल्याचे औषधच बरे, असे म्हणणारे सहसा चार मुद्दे मांडतात. काविळीत त्याचा हमखास गुण येतो. ते निसर्गातले असल्यामुळे अपाय करत नाही. डॉक्टरी औषधांनीही यकृत बिघडतेच. आणि शेकडो वर्षांची परंपरा हाच त्याचा पुरावा. अलीकडच्या संशोधनावर घासून पाहिले, तर यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला मुद्दा गुण येण्याचा. कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे; रक्तात बिलिरुबिन वाढल्याचे ते लक्षण आहे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपटायटिस ए आणि ई या विषाणूंमुळे झालेली कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे काही केले असेल, त्याला श्रेय मिळते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रोग्याच्या डोक्यावर काविळीची माळ ठेवतात. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून ती गुंफलेली असते. काड्या वाळून आकसल्या की फास सैल पडतात, दोरा सुटत जातो आणि माळ लांबून गळ्यात, मग छातीपर्यंत उतरते. माळ उतरली तशी कावीळ उतरली, असे घरचे समजतात. तीच माळ खुंटीला टांगली तरी लांबतेच. पण कावीळ हेपटायटिस बीची असेल, किंवा पित्तनलिकेत खडा वा गाठ असेल, तर माळ उतरण्याची वाट पाहण्यात उपचाराची वेळ निघून जाते.

दुसरा मुद्दा अपाय न होण्याचा. पोटातून शोषले गेलेले द्रव्य गोळीतले असो वा काढ्यातले, ते यकृतात येते आणि तिथली विकरे त्याचे रूपांतर करतात. त्यात कधी पेशींना घातक द्रव्ये तयार होतात, तर कधी शरीराची प्रतिकारयंत्रणा यकृतावरच उलटते. २०२० मध्ये कोविडच्या धास्तीने घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणारे आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. २०२२ मध्ये देशभरातील १३ केंद्रांतील अशा ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सेवन सुरू झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता.

मुंबईच्या अभ्यासावर आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये आक्षेप घेतला: वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप गैरलागू नाही. पण त्याने बचाव होतो तो गुळवेलीचा, ती घेणाऱ्याचा नव्हे. कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती, याची खात्री घरी काढा उकळणारा कशी करणार? बहुतेकांना काढ्याने काही झाले नाही, हेही खरे. म्हणजे अपाय विरळा आहे, एवढेच. अपाय नाहीच, असे नव्हे.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. २०१३ ते २०१८ या काळात भारतातील १६ केंद्रांनी औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी ४६.४ टक्के रुग्णांत क्षयावरील औषधे कारणीभूत होती, तर पूरक आणि पारंपरिक औषधे १३.९ टक्के रुग्णांत. मात्र क्षयाच्या औषधांनी जीव वाचतात आणि त्यांचा धोका डॉक्टरांना ठाऊक असतो. त्यामुळे यकृताची तपासणी करून वेळीच औषध थांबवता किंवा बदलता येते. काढ्याचा ना डोस ठरलेला, ना धोका मोजलेला. आणि तो चालू आहे हे रुग्ण अनेकदा डॉक्टरांना सांगतही नाही.

चौथा मुद्दा परंपरेचा. परंपरा आहे ती आमटीतल्या चिमूटभर हळदीची. अर्क काढून कॅप्सूलमध्ये भरलेल्या हळदीची नव्हे. अमेरिकेत औषधजन्य यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांना २०२२ पर्यंत हळदीच्या पूरकांमुळे इजा झालेले १० रुग्ण सापडले. त्यांपैकी एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट जनुकीय रूप आढळले. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत शोषण वाढवणारे मिऱ्यातले पाइपरिनही होते. मात्रा आणि रूप बदलले की जुन्या अनुभवाचा दाखला लागू पडत नाही.

याचा अर्थ वनस्पतींत औषध नसतेच, असा नाही. ते आहे की नाही हे ठरवण्याची रीत मात्र एकच: काही रुग्णांना औषध, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि मग तुलना. भुईआवळ्याला ही संधी मिळाली. १९८८ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, भुईआवळा घेतलेल्या हेपटायटिस बीच्या ३७ वाहकांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाले, निष्क्रिय गोळीच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. जगभर आशा पालवली, पण इतरत्र झालेल्या चाचण्यांत तो परिणाम दिसला नाही. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून खपणारे सिलिमारिन २०१२ मध्ये हेपटायटिस सीच्या रुग्णांत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

नव्या डॉक्टरी औषधालाही याच परीक्षेला बसावे लागते. मेदयुक्त यकृतदाहावरील रेस्मेटिरोम या औषधाची ९६६ रुग्णांवर चाचणी झाली. ५२ आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमच्या गटात २९.९ टक्के रुग्णांचा यकृतदाह ओसरला. निष्क्रिय गोळीवर ९.७ टक्क्यांचा. तुलनेचा गट नसता, तर हे ९.७ टक्केही औषधाचाच गुण म्हणून खपले असते. त्या फरकाच्या बळावर मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, तीही आहार आणि व्यायामाच्या जोडीने घेण्यासाठी.

वाद आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी असा नाहीच; तो तपासलेले विरुद्ध न तपासलेले असा आहे. तुलनेत उतरेल ते औषध घ्यावे, मग ते झाडातून आलेले असो वा प्रयोगशाळेतून. तोवर काविळीच्या रुग्णाने आधी रक्त तपासून कारण शोधावे, आणि चालू असलेला प्रत्येक काढा, चूर्ण व कॅप्सूल डॉक्टरांना सांगावी.