चूक कोणाची, त्याआधी चूक कोणती?

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव लागते. केळीच्या आणि हळदीच्या मळ्यांचा हा प्रदेश. हळद काढणीच्या दिवसांत या भागातील रस्त्यावर सकाळी उभे राहावे, म्हणजे शेतमजूर स्त्रियांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाताना दिसतात. ट्रॉली हे माल वाहण्याचे साधन होय. तीत माणसाला ना आसन, ना आधार. तथापि गावाहून मळ्यापर्यंत जाण्यास दुसरे साधन सहसा नसते आणि मजुरीचा दिवस तर उजाडण्याबरोबर सुरू होतो. त्यामुळे जे नियमात बसत नाही तेच नित्याचे होऊन बसले आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी अशीच एक ट्रॉली शेजारच्या वसमत तालुक्यातील गुंज या गावच्या मजुरांना घेऊन निघाली आणि नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात विहिरीत कोसळली. सात स्त्रिया मरण पावल्या.

अशा अपघातांच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेले असते: ‘चालकाचा ताबा सुटला.’ आम्ही वृत्तपत्रकारही ते वर्षानुवर्षे छापीत आलो आहोत आणि वाचकही ते वाचून, एक सुस्कारा टाकून, पान उलटीत आले आहेत. चौकशीच्या अहवालात याच वाक्याला भारदस्त रूप मिळते व तेथे ‘मानवी चूक’ असे लिहिले जाते. एवढे लिहिले की फाईल बंद होते, एखादा निलंबित होतो, एखाद्यावर गुन्हा दाखल होतो आणि पुढल्या अपघाताची वाट मोकळी होते. आमचे स्पष्ट मत असे की, ‘मानवी चूक’ हे चौकशीचे उत्तर नव्हेच. ज्या प्रश्नापासून चौकशीला आरंभ व्हावयास हवा, तो प्रश्न होय.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. गणिताच्या वह्या तपासताना चार मुलांचे एकच उदाहरण चुकलेले आढळे. एकाने मनात छप्पन्न म्हणून कागदावर पासष्ट लिहिलेले असत. दुसरा हातचा मिळवावयास विसरलेला असे. तिसऱ्याला उदाहरणच उमगलेले नसे आणि बेरजेच्या जागी त्याने वजाबाकी केलेली असे. चौथ्याने शेजाऱ्याच्या वहीवरून बिनदिक्कत उतरवून घेतलेले असे. चौघांच्या वहीवर तांबडी फुली सारखीच. परंतु चौघांनाही सारखीच छडी मारणारा शिक्षक चौघांपैकी एकालाही गणित शिकवू शकत नाही, हे कोणताही अनुभवी शिक्षक सांगेल.

सुरक्षिततेच्या शास्त्राने हीच गोष्ट मोठ्या कष्टाने सिद्ध केली आहे. मँचेस्टर येथील मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० साली ‘ह्यूमन एरर’ या ग्रंथात तिची पद्धतशीर मांडणी केली. हेतू योग्य पण हात चुकला, ती हातचूक. करावयाचे ते स्मरणातून निसटले, तो विसर. बेतच चुकीच्या समजुतीवर आधारलेला, ती समजचूक. आणि नियम ठाऊक असून तो मोडला, तो नियमभंग. या चौघांची कुळे वेगळी, म्हणून औषधेही वेगळी. हातचूक उपदेशाने थांबत नाही, कारण काम अंगवळणी पडलेल्या निष्णात माणसाच्या हातूनच ती घडते. तिच्यासाठी अवजार सुधारावे लागते. विसराला टिपणाची जोड लागते. उड्डाणापूर्वी अनुभवी वैमानिकही यादी वाचून एकेक बाब तपासतो, ती याचसाठी. समजचुकीला शिक्षण व खरी माहिती हवी. आणि नियमभंगाला शिक्षा हवीच. मात्र तो नियम पाळता येण्याजोगा होता काय, हे आधी पाहावे लागते.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेची ‘बी-१७’ ही बाँबफेकी विमाने सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच पोटावर आपटत. वैमानिक पंखांच्या झडपा मिटविण्याऐवजी चाकेच वर घेत असत. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले, तो दोन्ही कामांच्या कळा एकमेकींशेजारी आणि दिसावयास सारख्याच! चाकाच्या कळीला रबराचे लहानसे चाक आणि झडपेच्या कळीला पाचरीसारखा तुकडा बसविला, तेव्हा हा अनर्थ थांबला. वैमानिक तेच राहिले; बदलली ती कळ.

हे परदेशातच घडते असे नव्हे. मळणीयंत्रात धान्याच्या पेंढ्या सारताना आपल्या देशात असंख्य मजुरांचे हात तुटले. ‘लक्ष नव्हते’ एवढे म्हणून तेथेही थांबता आले असते. परंतु संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि यंत्राच्या निर्मात्यावर जबाबदारी टाकली. यंत्राचे तोंड लांब व वरून झाकलेले असावे, म्हणजे डुलकी लागली तरी हात पात्यापर्यंत पोचू नये, हा त्यामागील विचार. मजुराला डुलकी लागणारच, हे गृहीत धरूनच यंत्र घडविले पाहिजे, असे सांगणारा हा कायदा आमच्या मते शहाणपणाचा होय. त्याची अंमलबजावणी खळ्यांवर किती होते, हा प्रश्न निराळा आणि तितकाच गंभीर.

याच्या उलट उदाहरण डोंगरकड्याला जवळ असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील आहे. २०१७ साली तेथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हातमोजे घातले नाहीत, तोंड झाकले नाही, औषधे नको तशी मिसळली, असा सूर तेव्हा उमटला. तो सर्वस्वी खोटा नव्हता. परंतु अपुरा होता. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, घामाने निथळत, रबरी पोशाख चढवून दिवसभर पाठीवर पंप वाहता येतो काय? डबीवरील बारीक अक्षरांतील सूचना राबणाऱ्या मजुराने वाचावी, अशी अपेक्षा कोणाची? पाळता न येणारा नियम करणे आणि तो मोडला म्हणून बोट दाखविणे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

कोणी म्हणेल, ही सारी गुन्हेगारांना पाठीशी घालण्याची विद्या आहे. तसे मुळीच नाही. मद्य पिऊन वाहन हाकणारा, पैसे वाचविण्यासाठी यंत्राचे झाकण काढून टाकणारा मालक, तपासणी न करता सही ठोकणारा अधिकारी यांना कठोर शासन झालेच पाहिजे. उलट चुकांची वर्गवारी नीट केली, तरच खरा अपराधी गर्दीतून वेगळा दिसतो. ‘मानवी चूक’ या मोघम शब्दाचा खरा लाभ होतो तो त्यालाच. कारण त्या शब्दातील ‘मानव’ हा सदैव सर्वांत खालच्या पायरीवरील असतो.

आणखी एक गोष्ट. मोठा अपघात बहुधा आगाऊ सूचना देऊन येतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे रेल्वेचा भीषण अपघात झाला. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील दोष उघड झाले. आणि त्याच खरगपूर विभागात १६ मे २०२२ रोजी चुकीच्या जोडणीमुळे तसाच प्रकार घडला होता, तेव्हाच उपाय केले असते तर हा अपघात टळता, असेही नमूद झाले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही आपली म्हण. परंतु ठेच लागलेल्याने ती लपविली, तर मागच्याने शहाणे कसे व्हावे? आणि कबुलीबरोबर शिक्षा ठरलेली असेल, तर ती सांगेल कोण? अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांना आपली थोडक्यात निभावलेली चूक निर्भयपणे कळविण्याची सोय आहे. आपल्याकडे कारखान्यांत, रुग्णालयांत, एस. टी. आगारांत अशी सोय व्हावी.

आलेगावच्या शिवारात कोणाचा किती अपराध, याचा निवाडा आम्ही करीत नाही. तो न्यायालयाचा अधिकार. परंतु या संपूर्ण भागासाठी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. शेतरस्त्यांलगतच्या किती विहिरींना कठडे आहेत? त्यांची यादी कोणत्या ग्रामपंचायतीजवळ आहे? काढणीच्या हंगामात मजूर स्त्रियांसाठी योग्य वाहन देण्याचा विचार कोणी केला आहे काय? ट्रॅक्टर चालविणाऱ्याला माणसे आणि माती यांतील फरक कोणी शिकविला? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘चालकाचा ताबा सुटला’ हे नाही. चालकाचा ताबा केव्हा तरी सुटणारच. कठडा असेल तर त्याने माणसे मरणार नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी: अपघाताच्या कोणत्याही सरकारी अहवालात ‘मानवी चूक’ हे शब्द आले, तर ती चूक कोणत्या प्रकारची, ती कशामुळे शक्य झाली आणि ती पुन्हा घडली तरी प्राणहानी होऊ नये म्हणून कोणती वस्तू बदलली, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज तो अहवाल स्वीकारला जाऊ नये. आम्हीही यापुढे ते ठरलेले वाक्य छापून थांबणार नाही. वाचकांनाही आमची विनंती आहे की, त्यांनी पान उलटण्याची घाई करू नये. आपल्या स्वयंपाकघरातील चिमूटभर हळदीमागे पहाटे ट्रॉलीत चढलेली कोणी एक स्त्री आहे. ती संध्याकाळी घरी परतावी, एवढी काळजी वाहण्याइतके तरी आपण तिचे ऋणी आहोत.