इस्मत म्हणजे फक्त ‘लिहाफ’ नव्हे

स्टाफरूममध्ये मी सहज म्हटलं, नववीच्या मुलींना इस्मत चुगताईंची एक कथा वाचून दाखवणार आहे. शेजारचे सर डबा बंद करत म्हणाले, “मॅडम, ती ‘लिहाफ’वालीच ना? कशाला उगाच? पालक तक्रार घेऊन येतील.” सरांनी इस्मतआपांचं एकही पान वाचलेलं नव्हतं. खटला झाला, एवढंच ऐकलेलं.

आपल्यातल्या बहुतेकांचं असंच आहे. ‘लिहाफ’ १९४२ साली छापून आली. अश्लीलतेचा खटला लाहोरच्या कोर्टात चालला आणि टिकला नाही. तिथेच मंटोंवरही ‘बू’ या कथेसाठी खटला होता. आज मंटोंना आपण बेधडक लेखक म्हणतो आणि इस्मतआपांना ‘तसलं लिहिणारी बाई’. कोर्टाने सोडलं, आपण अजून सोडायला तयार नाही.

ही बाई आपल्याच पेशातली होती, हे कुणी सांगत नाही. घरच्यांशी भांडून त्या शिकल्या, बीए झाल्या. अलीगढहून बी.टी. केलं, म्हणजे आजचं बीएड. बरेलीत मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, पुढे मुंबईत शाळा तपासनीस. १९९१ साली त्यांचं निधन झालं, तेही मुंबईतच.

नववीच्या वर्गात ‘लिहाफ’ वाचावी असं मीही म्हणणार नाही. मी निवडलेली कथा आहे ‘चौथी का जोडा’. कापड कितीही कमी पडो, कुबराची आई बेतून बसवते. थोरल्या कुबराचा रिश्ता जुळेल या आशेने घरी आलेल्या राहतला खाऊ घालण्यासाठी ती दागिनेही विकते. तो खाऊन-पिऊन निघून जातो, लग्न दुसरीकडे करतो. कुबरा क्षयाने जाते. शेवटी आईच्या कात्रीखाली लग्नाचा जोडा नसतो, मुलीचं कफन असतं.

अशी घरं आपल्या कुठल्या मोहल्ल्यात नाहीत? ‘मुलगी बघायला’ पाहुणे येतात, उधारीवर बिर्याणी शिजते आणि निरोपसुद्धा येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना हे वयाच्या आधीच कळलेलं आहे. त्यांच्या घरातली ही गोष्ट एका बाईने कधीच लिहून ठेवली आहे, हे मात्र त्यांना कुणी कळू दिलेलं नाही. बदनामीची भीती घालून आपण लेखिकेला नव्हे, आपल्याच मुलींना गप्प करतो.

कथा मी वाचणार आहे. सरांनाही वर्गात येऊन बसायचं निमंत्रण दिलं आहे.