खर्जाची पेटी : आधी वही, मग करवत

खर्जाचे सूर वाजवणारा स्पीकर, म्हणजे सबवूफर, पुष्कळदा जमिनीकडे तोंड करून बसवलेला असतो. "तोंड खाली असले की आवाज जमिनीत घुमतो, म्हणून खर्ज जास्त मिळतो," असे कोणी सांगितले की आपण मान डोलावतो. माझ्या मते मान डोलावण्यापूर्वी वही उघडावी. अशी पेटी विद्यार्थ्यांनी स्वतः आखावी, कारण तिच्यातील मुख्य प्रश्न शाळेच्या गणिताने सुटतात.

प्रथम दिशेचा प्रश्न पाहू. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ४० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी किती? ३४० भागिले ४०, म्हणजे साडेआठ मीटर! पेटीची बाजू मात्र जेमतेम ४० सेंटिमीटर. इतके लांब तरंग पेटीला सहज वळसा घालून चहूकडे पसरतात. म्हणून तोंड समोर असो वा खाली, खर्ज जवळजवळ सारखाच ऐकू येतो. जमिनीची मदत होते हे खरे. पण जमिनीवर ठेवलेल्या कोणत्याही सबवूफरला ती होतेच. तोंड खाली करण्याचा खरा लाभ साधा आहे : स्पीकरच्या शंकूला कोणाचा पाय किंवा बोट लागत नाही.

मग खर्ज कशावर ठरतो? मुख्यतः स्पीकरवर आणि पेटीच्या आकारमानावर. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पेटी नसेल तर पुढचे व मागचे तरंग एकमेकांना खोडून काढतात. हवाबंद पेटी मागचे तरंग कोंडते, आणि आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावर लहान पेटीचा स्पीकर बनवला.

समजा, स्पीकरची स्वाभाविक कंप्रता २५ हर्ट्झ आहे आणि त्याच्या शंकूच्या आधाराइतकीच लवचीक असणारी हवा ६० लिटर आहे. हे दोन्ही आकडे स्पीकरच्या माहितीपत्रकात मिळतात. पेटी २० लिटरची केली, तर ६० भागिले २० म्हणजे ३. त्यात १ मिळवून ४. त्याचे वर्गमूळ २. कंप्रता दुप्पट होऊन ५० हर्ट्झवर जाते. पेटी ६० लिटरची केली, तर ती सुमारे ३५ हर्ट्झवर राहते. लहान पेटीने घालवलेला खर्ज तोंड खाली केल्याने परत येत नाही.

आता पाय किती उंच हवेत? शंकूखालची हवा त्याच्या कडेभोवतीच्या फटीतून बाहेर पडते. या फटीचे क्षेत्रफळ, म्हणजे परीघ गुणिले उंची, निदान शंकूच्या क्षेत्रफळाइतके हवे. समीकरण मांडा, उंची त्रिज्येच्या निम्मी येते. शंकूचा व्यास २१ सेंटिमीटर असेल तर पाय सव्वापाच सेंटिमीटरचे. थोडे जास्त ठेवलेले बरे.

शेवटची शंका अशी की, उलटा टांगलेला शंकू स्वतःच्या वजनाने लोंबणार नाही का? लोंबतो, पण किती? ९.८ ला (२ × ३.१४ × २५) च्या वर्गाने भागा. उत्तर येते मीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या चौपट, म्हणजे ०.४ मिलिमीटर. वजन माहीत असण्याचीही गरज नाही! शंकूची हालचाल दोन्ही बाजूंना ८-१० मिलिमीटर होत असेल, तर एवढ्याने बिघडत नाही. कंप्रता १५ हर्ट्झ असती तर हाच झोळ १.१ मिलिमीटर झाला असता. तेव्हा मात्र विचार करावा लागेल.

खर्चाचे काय, असे शिक्षक विचारतील. आखणीला कागद आणि पेन्सिल पुरते. शाळेत एकच पेटी बांधली तरी चालेल. ध्वनीचा धडा प्रतिध्वनीच्या अंतरापाशी संपवण्याऐवजी तो प्लायवुडच्या फळीपर्यंत न्यावा. ज्या मुलाने पायांची उंची स्वतः काढली आहे, तो दुकानात "हे कशावरून?" असे नक्की विचारील.