परस कोणाचा, बाग कोणाची?

महागाईची लाट आली की तिच्यामागून उपदेशाची लाट येते, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती गॅस सिलिंडरची किंमत ११०० रुपयांच्या वर गेली. त्याच वर्षी जुलैत टोमॅटोने अनेक शहरांत किलोमागे शंभरी ओलांडली. लागलीच वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि सेवाभावी मंडळांच्या शिबिरांतून सल्ले मिळू लागले : गच्चीवर टोमॅटो लावा, खिडकीत मेथी पेरा, ओल्या कचऱ्याचे खत करा. त्यानंतरच्या प्रत्येक भाववाढीत हेच पाठ पुन्हा म्हटले गेले आहेत. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परसबाग हेच महागाईवरचे उत्तर होय, असे पक्षातल्या काही साथींनाही वाटू लागले असेल, तर त्या समजुतीची झाडाझडती घेणे आवश्यक ठरते.

प्रथम साधा हिशेब. २०१२ च्या पायावर आधारलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात भाजीपाल्याचा भार ६.०४ टक्के होता. धान्याचा ९.६७, दूधदुभत्याचा ६.६१, इंधन व दिवाबत्तीचा ६.८४. म्हणजे एखाद्या कुटुंबाने आपली एक तृतीयांश भाजी घरी पिकवली, तरी शंभर रुपयांच्या खर्चातले सुमारे दोन रुपये वाचतील; त्यातून कुंड्या, माती, बियाणे आणि खत यांचा खर्च वजा जायचाच. गरीब कुटुंबात भाजीचे प्रमाण काहीसे अधिक भरेल, पण निष्कर्ष बदलणार नाही. तांदूळ, गहू, डाळ, तेल आणि दूध कुंडीत उगवत नाहीत. कांदा-बटाटाही सोयीने उगवत नाही. इंधनाचे तर नावच नको. खेड्यात गोबर गॅसचा मार्ग आहे खरा. मात्र दोन घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच गुरांचे शेण लागते, आणि भूमिहीन मजुराच्या दावणीला चार गुरे असती तर तो भूमिहीन मजूर राहिला नसता.

आता जागेचा हिशेब. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढी भाजी पिकवायची, तर सुमारे दोनशे चौरस मीटर, म्हणजे एकवीसशे चौरस फुटांहून अधिक जागा लागते, असे कृषिविद्येची पाठ्यपुस्तके सांगतात. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत तीन पिढ्यांचे संसार झाले. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील दर पाच कुटुंबांपैकी दोन झोपडपट्टीत राहत होती. त्यांना परस कोठला? ज्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या द्वारा थोड्या जागेत भरघोस उत्पन्न काढण्याची विद्या महाराष्ट्रभर पोचवली, त्यांनीही एका कुटुंबाच्या स्वावलंबनासाठी दहा गुंठे जमीन हिशेबात धरली होती. दाभोळकरांचे नाव घेऊन खिडकीतल्या चार कुंड्यांची महती गाणारे हे दहा गुंठे सोयीस्करपणे विसरतात.

पाण्याचेही तसेच. ऐन उन्हाळ्यात एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला पाच-सात लिटर पाणी लागते. दहा चौरस मीटरची लहानशी बाग केली तरी पन्नास ते सत्तर लिटर झाले. झोपडपट्टीतील माणसाला दरडोई ४५ लिटर पाणी हे ज्या शहराचे सरकारी माप, तेथे पाच माणसांच्या कुटुंबाने आपल्या वाट्यातला चौथा हिस्सा भेंडीला पाजावा काय? मृणालताई गोरे यांना गोरेगावच्या जनतेने ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते त्यांनी पाणी जपून वापरण्याची शिकवण दिली म्हणून नव्हे. त्यांनी नळ आणवला.

शिवाय ही बाग करणार कोण? उपदेशात ‘कुटुंबाने’ असा मोघम शब्द असतो. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीने हा मोघमपणा संपवला आहे. बिनमोबदल्याच्या घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, अशा पुरुषांचा ९७ मिनिटे. पहाटे उठून पाणी भरणाऱ्या बाईवरच कुंड्यांचे ओझे पडणार, हे सांगायला पाहणीचीही गरज नाही. तिचे श्रम हिशेबात धरले, तर घरची मेथी बाजारच्या मेथीहून स्वस्त पडेलच असे नाही. ते धरले जात नाहीत म्हणूनच ती फुकट वाटते.

याचा अर्थ परसबाग त्याज्य आहे असा नाही. खेड्यापाड्यांत ‘उमेद’ अभियानाने पोषण परसबागांची मोहीम काढली. अंगण आहे आणि सांडपाणी वळवता येते, तेथे मुलांच्या ताटात पालेभाजी येते, ही गोष्ट मोलाचीच आहे. प्रश्न महागाईचा आहे. आणि जेथे परसबागेने टंचाईच्या काळात समाजाला खरोखर हात दिला, तेथे तिच्या आगेमागे काय होते ते पाहिले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम चालवली, तिचे दाखले आपल्याकडे हौसेने दिले जातात. त्या काळात तेथील भाडेपट्ट्याच्या भाजीबागांची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. पण त्या बागांना जमीन कोठून मिळाली? मागणी आल्यास नागरिकांना असे तुकडे पुरवणे हे १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांचे कर्तव्यच केले होते, आणि युद्ध सुरू होताच पडीक जमिनी ताब्यात घेण्याचे अधिकार नगरपालिकांना देण्यात आले. जानेवारी १९४० पासून रेशन लागू झाले, ते श्रीमंतालाही. मुख्य अन्नपदार्थांचे भाव सरकारने अनुदान देऊन रोखून धरले. कामगाराने फावडे हाती घेतले तेव्हा त्याच्या पावाची हमी सरकारने घेतलेली होती. क्यूबाची कथाही तीच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तेल व खते आटली, आणि हवाना शहराने मोकळ्या भूखंडांवर भाजी पिकवली. जमीन वापरासाठी विनामूल्य मिळाली, सरकारने तज्ज्ञ व बियाणे पुरवले, रेशनची वही चालूच राहिली. एवढे करूनही क्यूबाला आजवर अन्नाचा मोठा भाग बाहेरून आणावा लागला आहे. भाजीने शहर तगले, पण धान्याचा प्रश्न सुटला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्याकडे काय घडले? मुंबईत कापड गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तिचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी, एक ‘म्हाडा’च्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून हे वाटप केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरते आकसण्यात आले, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. १९८२ च्या संपात उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावाच्या वाट्याला जी मैदाने आणि बागा आल्या असत्या, त्यांच्यावर आज मनोरे आणि व्यापारसंकुले उभी आहेत. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये मोडीत काढला. शहराचा परस असा विकून टाकल्यावर नागरिकांना परसबागेचे धडे देणे ही कसली थट्टा?

‘अधिक धान्य पिकवा’ या १९४३ पासूनच्या घोषणेचा एक अवशेष मुंबईकरांनी लोकलच्या खिडकीतून पाहिला आहे. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिलेल्या रुळांकडेच्या पट्ट्यांवर पालक आणि माठ हिरवागार दिसे. पाणी बहुधा नाल्याचे. घोषणा होती, जमीनही होती, स्वच्छ पाणी देण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

भाववाढीचे मूळ कुंडीच्या आकारात शोधण्यापेक्षा बाजारात शोधावे. डिझेल महागले की नाशिकचा टेंपो महागतो; इंधनाचा भाव असा भाजीच्या भावात उतरतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला ३३ पैसे, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७ पैसे मिळतात. उरलेले वाटेत जिरतात. या वाटेला हात न लावता सरकार काय करते? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. ती उठली मे २०२४ मध्ये. लासलगावच्या शेतकऱ्याला बुडवून शहरातली चाळ खूश ठेवायची आणि चाळीने कुरकुर केली तर तिला कुंडी द्यायची, हे धोरण समाजवाद्यांनी ओळखले नाही तर कोणी ओळखायचे?

लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ते आधी स्वतः उपाशी राहिले. त्यांच्या शब्दाला त्यामुळे वजन होते. तरीही देशाची भूक त्या उपवासाने भागली नाही. रेशन दुकान, धान्यखरेदी आणि हमीभाव उभारावे लागले. आणि १९७२ च्या दुष्काळात मृणालताई व अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या बायांनी रॉकेल, तेल आणि धान्य मागितले. काटकसरीचे धडे त्यांना कोणी द्यावेत? त्यातच त्यांचे आयुष्य गेले होते.

डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन प्रतीके एकत्र मांडली होती. फावड्याचा मान त्यात आहेच. फक्त ते इतर दोघांपासून तोडू नये. म्हणून भाजीबागेचे वर्ग जरूर घ्यावेत, पण आधी प्रभागातील महापालिकेच्या मोकळ्या भूखंडांची यादी माहितीच्या अधिकाराखाली मिळवावी. दत्तक योजनांच्या नावाखाली कोणते भूखंड खाजगी संस्थांच्या कुंपणात गेले ते लोकांपुढे ठेवावे. वस्तीच्या नावाने सामूहिक बागेसाठी जागा, नळजोडणी आणि खत मागणारा अर्ज करावा. बागेत काम करणाऱ्यांना मजुरी मिळावी, ही अटही त्यात घालावी. त्याच अर्जासोबत दुसरी मागणी रेशनची. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल दिले. सणाला जमते ते बाराही महिने का जमू नये, हा प्रश्न प्रत्येक रेशन दुकानाच्या रांगेत विचारला गेला पाहिजे. मृगाच्या आत हे अर्ज प्रभाग कार्यालयांत पोचले आणि त्यांच्यामागे मोर्चा असला, तर पावसाळी भेंडी आणि गवार त्याच वर्षी लावता येईल.