किल्ल्यावरचीं चित्रें रंगवितांना

दिवाळी जवळ आली कीं, घरोघरच्या मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. दगड, माती, गोणपाट यांची जमवाजमव होते, आणि मग प्रश्न येतो तो मावळ्यांचा. रंगविलेलीं चित्रें बाजारांत मिळतात हें खरें. परंतु शाडूचीं चित्रें घरीं करून घरींच रंगविण्याचा आनंद विकत घेतां येत नाहीं. मात्र चित्रें करतांना जीं मुलें उत्साही असतात, तींच रंगवितांना रडकुंडीस येतात. याचें कारण बहुधा कुंचल्यांत नसून डाव्या हातांत असतें. दोन बोटें उंचीचा मावळा धरावा तरी कोठें? पाय धरून मुंडासें रंगविलें, तर पाय रंगवितांना तेंच ओलें मुंडासें धरावें लागतें. बोटांचा तेलकटपणा मातीला लागला म्हणजे तेथें रंग नीट बसत नाहीं. आणि जरा जोरानें धरल्यास भाल्यासकट हातच निखळून येतो.

म्हणून पहिला नियम असा कीं, चित्राला बोट न लावतां चित्र धरावें. सोनार बारीक डाग लाखेंत बसवून त्यावर काम करतो. रत्नांना पैलू पाडणारे कारागीरही खडा काडीच्या टोंकाशीं लाखेनें चिकटवितात आणि काम संपल्यावर लाख ऊन करून तो सोडवून घेतात. हीच युक्ति आपण मेणानें साधावी.

मुठीसाठीं शिवणाच्या दोऱ्याचें रिकामें रीळ उत्तम. तें नसल्यास औषधाची लहान बाटली वाळूनें भरून, बूच लावून घ्यावी. ती सहसा कलंडत नाहीं. मधमाशांच्या मेणांत थेंबभर गोडें तेल घालून तें मळावें आणि हरभऱ्याएवढी गोळी रिळावर ठेवून तीवर चित्राची बैठक हलकेंच दाबावी. मेणबत्तीचें मेण निवल्यावर ठिसूळ होऊन सुटतें. ओली माती तर लावूंच नये. कच्च्या चित्राची बैठक ओल शोषून भुसभुशीत होते. कणकेला मुंग्या लागतात. डिंकच वापरावयाचा असेल, तर चित्र आणि रीळ यांच्यामध्यें कागदाचा तुकडा घालावा. सोडवितांना पातळ सुरी फिरविली म्हणजे कागद दुभंगतो आणि बैठक शाबूत राहते.

उतारावर उभ्या करावयाच्या मावळ्यांसाठीं दुसरी रीत बरी. चित्र ओलें असतांनाच त्याच्या पायांतून बांबूची बारीक काडी वर सरकवावी. माती वाळतांना आकसते. यासाठीं अर्धवट वाळल्यावर काडी एकदां फिरवून सैल करावी, नाहीं तर पाय तडकतात. रंगवितांना हीच काडी मूठ होते आणि पुढें किल्ल्याच्या मातींत खोंवली कीं मावळा घसरत नाहीं. माणदेशची हवा मूळचीच कोरडी; तेव्हां म्हसवडसारख्या गांवीं चित्रें सावलींतच वाळवावीं. उन्हांत वरचा थर आधीं आकसून भेगा पडतात.

याहून महत्त्वाची गोष्ट मुलांच्या प्रकृतीची. किल्ला आणि फराळ यांची वेळ एकच. रंगाचीं बोटें तशींच चिवड्याच्या ताटांत जातात. शेंदूर आणि जुन्या पद्धतीचा सफेता हे शिशाचे पदार्थ आहेत. हिंगुळांत पारा असतो, हरताळांत सोमल. शिसें अल्प प्रमाणांतही मुलांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करतें. कुंचल्याचें टोंक ओठांनीं साधण्याची खोडही तितकीच वाईट. अमेरिकेंत 1920 च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या मुलींना हीच रीत शिकविली होती. त्यांतील कित्येकींचे जबडे सडले आणि कित्येकींना प्राणास मुकावें लागलें. आपण गेरू, पिवळी माती, खडू, नीळ व काजळी यांवरच भागवावें, त्यांत बाभळीच्या डिंकाचें पाणी घालावें, आणि कुंचला फडक्यावर टोंकदार करावा.

रंगवितांना रीळ डाव्या हातीं धरून दोन्ही मनगटें एकमेकांस टेंकवावीं. कुंचला न वळवितां रीळ फिरवावें. आधीं पांढरा हात, तो वाळल्यावर अंगाचा रंग, मग अंगरखा व मुंडासें, आणि डोळे सर्वांत शेवटीं. ज्या घरांत आठ-दहा मुलें आहेत, तेथें प्रत्येक रिळाखालीं मुलाच्या नांवाचें पहिलें अक्षर लिहावें. निम्मीं भांडणें तेथेंच मिटतात. धाकट्यांनाही रिळासकट चित्र उचलून वाळत ठेवण्याचें काम निर्धास्तपणें देतां येतें.

दिवाळीपर्यंत सर्व चित्रें पुरीं झालीं नाहींत, तरी म्हसवडच्या मुलांनी हिरमुसूं नये. श्रीसिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस निघतो. म्हणजे पाडव्यापासून पुरा एक महिना हातीं असतो. तेवढ्यांत किल्ल्याच्या पायथ्याशीं एक लहानसा रथ व त्याचे दोर ओढणारीं माणसें सहज उभीं करतां येतील. रंग पुरता वाळल्यावर चित्र सोडवावें, बैठकीचें मेण खरडून तेथें शेवटचा हात द्यावा, आणि रिळें पुढील वर्षासाठीं डब्यांत भरून ठेवावीं.