काकतालीय आणि पायगुण

कावळा ताडाच्या झाडावर येऊन बसला आणि त्याच क्षणीं ताडाचें पिकलेलें फळ खालीं पडलें. कावळ्याच्या भारानें फळ पडलें नाहीं, कीं फळ पडावें म्हणून कावळाही आला नव्हता. दोन गोष्टी एका क्षणीं घडल्या, इतकेंच. आमच्या पूर्वजांनीं यास 'काकतालीय' असें नांव दिलें. हा शब्द सिद्ध कसा होतो, याची सोय पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत करून ठेविली आहे. तेव्हां योगायोग ही वस्तु आपणांस आजची ठाऊक नाहीं. अडचण पडते ती घरांत तो घडला असतां त्यास ओळखण्याची.

योगायोग खरोखरीच घडतात, याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. लोकमान्य टिळक मुंबईस सरदारगृहांत निवर्तले ते ता. १ ऑगस्ट १९२० रोजीं. आणि गांधीजींनीं असहकाराच्या आरंभासाठीं आधींच नेमून ठेविलेला दिवस तोच होता. अण्णा भाऊ साठे यांची जन्मतारीखही हीच मानिली जाते. कादंबरीकारास असा दिवस मनानें रचण्याचें धाडस झालें नसतें; परंतु यांतील एक गोष्ट दुसरीमुळें घडली असें कोणीं म्हटल्यास आपण हंसूं.

शिक्षकाच्या पेशांत असतां आम्ही मुलांशीं एक पैज लावीत असूं. चाळीस मुलांच्या वर्गांत कोणा ना कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस निघेल, असें सांगितलें कीं मुलें अविश्वासानें पाहत. कारण वर्षाचे दिवस ३६५ आणि मुलें अवघीं चाळीस. (दाखल्यावर १ जून ही तारीख असलेलीं मुलें आम्ही प्रामाणिकपणें वगळीत असूं, ती तारीख पुष्कळदां आमच्याच जातभाईंनीं अंदाजानें घातलेली असे.) पैज आम्ही बहुधा जिंकत असूं. हिशेब असा कीं, तेवीस मुलें असलीं तरी त्यांच्या जोड्या २५३ होतात, आणि दोघांची तारीख जुळण्याचा संभव निम्म्याहून अधिक भरतो. चाळीसांत तो शेंकडा ८९ होतो. मुलें जोड्या मोजीत नसत. मोठीं माणसेंही मोजीत नाहींत. ज्या दिवशीं कोणाची आठवण झाली आणि तो दारांत उभा राहिला, तो दिवस जन्मभर स्मरणांत राहतो. आठवण झाली आणि कोणी आलें नाहीं, असे शेंकडों दिवस कोणाच्या खिजगणतींत नसतात.

इथवर गंमत आहे. परंतु घरांत नवी सून आली आणि महिन्याभरांत कांहीं अशुभ घडलें, म्हणजे तोच योगायोग 'पायगुण' होऊन बसतो. नैयायिकांनीं याचाही विचार केला आहे. घटाचीं कारणें म्हणजे माती, चाक, दंड, कुंभार. माती वाहून आणणारें गाढव घट होते वेळीं दाराशीं उभें असलें, तरी तें कारण नव्हे, तें अन्यथासिद्ध. दृष्टांत जरा रांगडा आहे, पण भाषापरिच्छेद वाचलेल्या गृहस्थांच्या घरींही गाढवास मिळालेला हा न्याय सुनेस मिळत नाहीं, हें आम्हीं पाहिलें आहे.

पाहिलें आहे तें आमच्याच घरीं. २०१५ सालीं आमची थोरली सून घरांत आली, आणि त्याच महिन्यांत आम्हांस मुख्याध्यापकाची जागा मिळाली. आधींचे गृहस्थ त्या मे महिन्यांत निवृत्त व्हावयाचे आणि ज्येष्ठतेनें पुढचा क्रम आमचा, हें आम्हांस तीन वर्षें ठाऊक होतें. तरीही पेढे वाटतांना आम्ही चारचौघांत म्हणालों, "सूनबाईंचा पायगुण!" सर्वांस तें आवडलें. आम्हांसही आवडलें.

२०१९ सालीं धाकटी सून आली, आणि आठव्या दिवशीं आमचे वडील बंधु गेले. वय ७४, हृदयविकार सहा वर्षांचा. डॉक्टरांनीं वर्षापूर्वींच सूचना देऊन ठेविली होती. तेराव्याच्या सुमारास माजघरांत वहिनींच्या तोंडून तो शब्द निघाला. आम्ही काकतालीयन्याय सांगूं लागलों. वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भावोजी, थोरलीच्या वेळीं हा शब्द तुमच्याच तोंडून आला होता ना?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. धाकटी शेजारींच पानें पुशीत होती. तिनें मान वर केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी बसलेलीं असतां आम्हीं सांगून टाकिलें कीं, ती जागा आम्हांस ज्येष्ठतेनें मिळाली होती, कोणाच्या पावलांनीं नव्हे, आणि त्या दिवशीं आम्ही खोटें बोललों. थोरली हंसून म्हणाली, "म्हणजे मामंजी, चार वर्षें मी फुकटच मिरवलें." धाकटी कांहीं बोलली नाहीं. वहिनी वाती वळीत होत्या. त्यांचा हात थांबला नाहीं.